भागाकाराचं चिन्ह कीबोर्डवर कुठे असतं? – विशेष चिन्हं आणि मराठीतली अवघड अक्षरं कशी टाइप करावीत



आजचा विषय तसा छोटा वाटेल, पण आपल्या सगळ्यांना कधी ना कधी छळणारा आहे. माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी तिसरीची गणिताची घटक चाचणी मी घरी लॅपटॉपवर टाइप करत होते. भागाकाराचं चिन्ह काही केल्या सापडेना. शेवटी मी सगळीकडे नुसती आडवी रेघ टाकली आणि ठरवलं की प्रिंट निघाल्यावर पेनाने वर-खाली टिंबं देऊ, मग झेरॉक्स काढू. टिंबं दिली, पण एका उदाहरणाला द्यायची राहिली. ४८ ÷ ६ च्या जागी ४८ – ६ छापून गेलं. पेपर तपासताना मी उत्तरपत्रिकेप्रमाणे ८ शोधत होते. एका मुलीने ४२ लिहिलं होतं. मी फुली मारली. पेपर वाटल्यावर ती टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, इथे वजाबाकीच दिलीय ना?"

तिचं बरोबर होतं. चूक माझी होती आणि गुण तिचे गेले होते. ज्या मुलांनी ८ लिहिलं होतं त्यांनी "हे भागाकाराच्या प्रश्नाखाली आहे, म्हणजे भागाकारच असणार" असा अंदाज केला होता. म्हणजे जी मुलगी नीट वाचून सोडवते तिलाच फटका! मी गुण दिले, सॉरी म्हटलं, आणि त्या दिवशी ठरवलं की हे चिन्हांचं प्रकरण एकदाचं शिकून घ्यायचं. जे शिकले ते इथे सोप्या भाषेत मांडते.

आधी हे समजून घेऊ – चिन्ह कीबोर्डवर का नसतं?

आपला कीबोर्ड जुन्या इंग्रजी टाइपरायटरवरून आला आहे. त्यावर ऑफिसात लागणारी अक्षरं होती, गणिताची सगळी चिन्हं नव्हती. पुढे १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी आस्की नावाची अक्षरांची यादी तयार झाली. त्यात एकूण १२८ जागा, आणि छापता येणारी अक्षरं व चिन्हं फक्त ९५. त्या ९५ मध्ये अधिक आहे, बरोबर आहे, पण × आणि ÷ नाहीत. प्रोग्रॅम लिहिताना गुणाकाराला चांदणी (*) आणि भागाकाराला तिरकी रेघ (/) वापरतात. तीच सवय एक्सेलमधून आपल्याकडे आली.

संगणकाला अक्षर "दिसत" नाही. त्याच्यासाठी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो. आपल्या हजेरीपटावर जसा प्रत्येक मुलाला हजेरी क्रमांक असतो, अगदी तसं. आज जगभरातल्या लिप्यांचा एकच मोठा हजेरीपट आहे, त्याचं नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरी आहे, गणिताची चिन्हं आहेत, बाण, चौकोन, बरोबरची खूण, सगळं आहे.

म्हणजे चिन्ह कीबोर्डवर नसलं तरी संगणकात ते असतंच. फक्त त्याला क्रमांकाने हाक मारायची असते. खालच्या बहुतेक पद्धती या एकाच गोष्टीवर चालतात.

पद्धत १ : ऑल्ट की आणि क्रमांक

ही विंडोजवर चालते.

१. कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. मराठीवर असताना गोंधळ होऊ शकतो.
२. उजवीकडच्या आकड्यांच्या भागातला नम-लॉक चालू करा.
३. डावी ऑल्ट की दाबून धरा.
४. ती न सोडता उजवीकडच्या आकड्यांवरून क्रमांक टाका.
५. आता ऑल्ट सोडा. चिन्ह उमटेल.

आपल्याला नेहमी लागणारे क्रमांक असे :

÷ भागाकार – ०२४७
× गुणाकार – ०२१५
° अंश – ०१७६
± अधिक-उणे – ०१७७
² वर्ग – ०१७८
³ घन – ०१७९
¼ पाव – ०१८८
½ अर्धा – ०१८९
¾ पाऊण – ०१९०

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सुरुवातीचं शून्य विसरणं. शून्य लावलं तर संगणक विंडोजच्या यादीत बघतो, नाही लावलं तर डॉसच्या काळातल्या जुन्या यादीत बघतो. दोन्ही याद्यांत त्याच क्रमांकावर वेगवेगळी चिन्हं आहेत. म्हणजे तुकडी अ आणि तुकडी ब, दोन्हीकडे सात नंबर आहे, पण मूल वेगळं.

दुसरी चूक म्हणजे अक्षरांच्या वरच्या ओळीतले आकडे वापरणं. त्यांनी हे काम होत नाही. लहान लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा भागच नसतो, त्यामुळे "मॅडम, माझ्याकडे चालतच नाही" अशी तक्रार येते. त्यांच्यासाठी पुढची पद्धत.

पद्धत २ : वर्डमध्ये क्रमांक टाका आणि ऑल्ट + एक्स दाबा

मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये चिन्हाचा युनिकोड क्रमांक टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबायचं. क्रमांक जाऊन तिथे चिन्ह येतं. वरच्या ओळीतले आकडेही चालतात.

हे क्रमांक आपल्या दशमान पद्धतीत नसतात, त्यात ए पासून एफ पर्यंतची इंग्रजी अक्षरंही येतात. मी खाली ती मराठीत लिहिली आहेत, तुम्ही आकडे आणि अक्षरं इंग्रजीत टाका.

÷ – ००एफ७
× – ००डी७
√ वर्गमूळ – २२१ए
≠ बरोबर नाही – २२६०
∠ कोन – २२२०
△ त्रिकोण – २५बी३
π पाय – ०३सी०
→ बाण – २१९२
□ रिकामा चौकोन – २५ए१
✓ बरोबरची खूण – २७१३
₹ रुपया – २०बी९

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी □ चा क्रमांक पाठच करून टाकावा. ५ + □ = ९ अशी उदाहरणं आपण रोज देतो आणि चौकोन काढण्यासाठी शेप्समध्ये जाऊन तो ओढत बसतो. मग वर एक ओळ वाढली की सगळे चौकोन भलतीकडे सरकतात. चिन्ह म्हणून टाकलेला चौकोन अक्षरासारखा ओळीबरोबरच राहतो.

एक काळजी घ्या. आधीच्या आकड्याला चिकटून क्रमांक टाकू नका. ४८ च्या लगेच पुढे क्रमांक टाइप केला तर वर्ड ४८ सुद्धा क्रमांकाचाच भाग समजू शकतो. मध्ये एक जागा सोडा. तसंही ४८ ÷ ६ असं मोकळं लिहिलेलं लहान मुलांना वाचायला सोपं जातं.

रोज तेच चिन्ह लागत असेल तर वर्डला एकदा शिकवून ठेवा. ऑप्शन्समध्ये प्रूफिंग, तिथे ऑटो-करेक्ट ऑप्शन्स. "रिप्लेस" मध्ये एखादी खूण टाका, उदाहरणार्थ तिरकी रेघ आणि अपूर्णविराम ( /: ), आणि "विथ" मध्ये ÷ पेस्ट करा. पुढच्या वेळी ती खूण टाकली की वर्ड स्वतःच भागाकार करून देतो.

पद्धत ३ : क्रमांक नकोच असतील तर

विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजची की धरून पूर्णविराम दाबा. हसऱ्या चेहऱ्यांची छोटी खिडकी उघडते. त्यातच चिन्हांचा वेगळा भाग असतो. तिथे गणिताची चिन्हं, चलनाची चिन्हं, बाण असे गट मिळतात. जुन्या विंडोजवर स्टार्टमध्ये "कॅरेक्टर मॅप" शोधा. तिथून चिन्ह कॉपी करून हवं तिथे पेस्ट करता येतं.

गूगल डॉक्स वापरणाऱ्यांना इन्सर्टमध्ये "स्पेशल कॅरेक्टर्स" मिळेल. तिथे एक मजा आहे. माऊसने चिन्हाचं चित्र काढलं की ते मिळतंजुळतं चिन्ह शोधून देतं. नाव माहीत नसलेल्या चिन्हासाठी हा उत्तम उपाय.

आणि मोबाइल? आपल्यातले अनेकजण गृहपाठ मोबाइलवरच टाइप करून ग्रुपवर टाकतात. जीबोर्डमध्ये आकड्यांच्या पानावरून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जा, √ π ÷ × तिथे ओळीत बसलेली आहेत. १ ची की दाबून धरली की ½, ⅓, ¼ मिळतात. मग कशाला इंग्रजी एक्स अक्षर गुणाकार म्हणून वापरायचं? मोठ्या वर्गात गेल्यावर हाच एक्स बीजगणितात भेटतो तेव्हा मुलं गोंधळतात. शिवाय दृष्टिहीन पालक किंवा विद्यार्थी वाचून दाखवणारं ॲप वापरत असतील, तर ते "सात एक्स आठ" वाचतं. योग्य चिन्ह टाकलं तर गुणाकार समजतो.

उभा अपूर्णांक

½ हे चिन्ह ठीक आहे, पण मुलांना अंश वर, छेद खाली आणि मध्ये आडवी रेघ असंच शिकवतो ना आपण? ३/४ असं तिरकं लिहिलं तर चौथी-पाचवीची मुलं कधी कधी "तीन भागिले चार" आणि "पाऊण" यांत घोटाळा करतात.

वर्डमध्ये ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह (=) दाबा. समीकरणाची चौकट उघडेल. तिच्यात तीन, तिरकी रेघ, चार असं टाइप करून स्पेसबार दाबा. अपूर्णांक आपोआप उभा होतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं!

आपला रुपया

₹ हे चिन्ह तसं तरुण आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते तयार केलं. केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला जागा मिळाली. देवनागरी र आणि रोमन आर यांचा त्यात मेळ आहे.

विंडोजमध्ये "इंग्लिश (इंडिया)" कीबोर्ड निवडला असेल तर उजवी ऑल्ट की धरून ४ दाबा, रुपया येतो. अनेकांच्या कीबोर्डवर ४ च्या कीवर तो छापलेलाही असतो, पण संगणकात अमेरिकन कीबोर्ड निवडलेला असतो, म्हणून तो उमटत नाही. दोष कीबोर्डचा नाही, निवडीचा आहे.

जुन्या संगणकावर रुपयाच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर घाबरू नका. क्रमांक बरोबर आहे, पण त्या संगणकावरच्या फॉन्टमध्ये या चिन्हाचं चित्र नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र गणिताच्या पेपरात हे धोक्याचं आहे. मुलं त्या चौकोनात उत्तर लिहून मोकळी होतात! म्हणून पेपर छपाईला देताना वर्डची फाइल न देता पीडीएफ द्यावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे दुकानातल्या संगणकावरही तसंच दिसतं.

आता मराठीकडे – इथे प्रश्न फक्त गुणांचा नाही

गणितात टिंब चुकलं तर एक गुण जातो. मराठीत अक्षर चुकलं तर माणसाचं नाव बदलतं. हे मला एका वडिलांनी शिकवलं.

क्रीडा स्पर्धेची प्रमाणपत्रं मी टाइप केली होती. एका मुलाचं आडनाव कुऱ्हाडे. माझ्याकडून टाइप झालं "कुर्हाडे". मला वाटलं चालतंय, कळतं की. दुसऱ्या दिवशी वडील आले. रागावले नाहीत, पण म्हणाले, "बाई, आमचं आडनाव असं नाही हो. आज प्रमाणपत्रावर आलं, उद्या दाखल्यावर आलं तर आम्ही कुठं कुठं फिरायचं?"

खरंच आहे. शाळेच्या रजिस्टरवरचं नाव दाखल्यावर जातं, तिथून पुढच्या शाळेत, बँकेत, इतर कागदपत्रांत. एकदा चुकलं की दुरुस्तीसाठी त्या घराचे दिवस आणि मजुरी जाते. मी नवीन प्रमाणपत्र दिलं. पण ते अक्षर टाइप कसं करायचं, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

र ला ह किंवा य जोडताना मराठीत दोन रूपं होतात. एक म्हणजे डोक्यावरचा रफार आणि दुसरं म्हणजे हे अर्धचंद्रासारखं आडवं ऱ्. दोन्हींचा उच्चार आणि अर्थ वेगळा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. आता सांगा, निमंत्रणपत्रिकेत ही चूक झाली तर?

*इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ्य, ऱ्ह असं लिहा :* शिफ्ट धरून जे दाबा (ऱ येईल), मग डी दाबा (हलन्त, म्हणजे पाय मोडेल), मग य किंवा ह दाबा. य तिरक्या रेघेच्या कीवर आहे, ह यू वर आहे. झालं – दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड सगळं जमेल. साधा र (नुसता जे) वापरलात तर रफार येतो. फरक फक्त शिफ्टचा आहे.

वर्डमध्ये ऱ हवा असेल तर ०९३१ टाकून ऑल्ट + एक्स दाबलं तरी चालतं.

दुसरं अवघड अक्षर म्हणजे ॲ. ॲप, ॲड, ॲलर्जी हे शब्द आता रोजचे झाले. यासाठी ऍ (ए वर चंद्र) असंही एक रूप आहे, पण मराठीत अ वर चंद्र देतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर आपल्या वर्णमालेत घेतले. युनिकोडमध्ये ॲ ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला, तो ०९७२. इन्स्क्रिप्टची मांडणी त्याच्या आधीची, म्हणून जुन्या मांडणीत शिफ्ट धरून १ दाबलं की ए वर चंद्र असलेलं ऍ येतं. आपल्याला मराठी रूप हवं असेल तर ०९७२ आणि ऑल्ट + एक्स.

दिसतं सारखं, असतं वेगळं

हा मुद्दा जरा नीट वाचा, कारण विद्यार्थ्यांच्या याद्या करताना तो फार उपयोगी आहे.

ॲ दोन प्रकारे तयार होतं. एक म्हणजे त्याच्या स्वतःच्या क्रमांकाने. दुसरं म्हणजे अ टाइप करून त्यावर वेगळा चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखी. पण संगणकाच्या हजेरीपटावर पहिलं एक अक्षर आहे आणि दुसरं दोन. ऱ्ह चंही तसंच. ते ऱ वापरून होतं, तसंच साध्या र ला हलन्त देऊन, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकूनही होतं. ही दुसरी पद्धत जुन्या फाइल चालाव्यात म्हणून ठेवलेली आहे. युनिकोडची मुख्य पद्धत ऱ चीच.

परिणाम काय होतो? यादीत एका बाईंनी "कुऱ्हाडे" एका पद्धतीने टाइप केलं आणि दुसऱ्या सरांनी दुसऱ्या पद्धतीने, तर शोध घेताना एकच सापडतं. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवताना "हा विद्यार्थी यादीत नाही" असं येतं. आपण डोळे फाडून बघतो, नाव तर समोर दिसतंय! म्हणून शाळेत एकदा बसून ठरवावं की सगळ्यांनी एकाच पद्धतीने टाइप करायचं. मी तर वर्षाच्या सुरुवातीला मुलाचं नाव पालकांसमोर एकदा बरोबर टाइप करून घेते आणि पुढे वर्षभर तेच कॉपी करते, नव्याने टाइप करतच नाही.

वर्गात याचा उपयोग

हे सगळं शिकताना माझा एक फायदा झाला. इन्स्क्रिप्टवर जोडाक्षर टाइप करायचं म्हणजे ते बहुतेक वेळा फोडावं लागतं. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ. मग मी तिसरी-चौथीच्या मुलांना खेळ दिला : "स्त्री हा शब्द टाइप करायला किती वेळा की दाबावी लागेल?" मुलं बोटं मोजायला लागतात. स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी – सहा! संगणक नसला तरी फळ्यावर हा खेळ चालतो. जोडाक्षरं लिहिताना चुकणारी मुलंही यात रमतात, कारण आधी शब्द कानाने फोडावा लागतो.

पालकांनी घरी हा खेळ मोबाइलवर घ्यायला हरकत नाही. मुलाला स्वतःचं, आईचं, गावाचं नाव मराठीत बिनचूक टाइप करायला सांगा.

शेवटी, छपाईला देण्याआधी एवढं तपासा

१. प्रत्येक उदाहरणातलं चिन्ह बोट ठेवून वाचा. पडद्यावर नाही, प्रिंटवर.
२. गुणाकाराच्या जागी एक्स अक्षर तर नाही ना?
३. कुठे नको असलेला रिकामा चौकोन आला आहे का?
४. ऱ्य, ऱ्ह, ॲ असलेली नावं रजिस्टरशी ताडून पाहा.
५. फाइल पीडीएफ करूनच द्या.
६. चिन्हांचे क्रमांक एका कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवा. पाठ करायची गरज नाही, हात आपोआप शिकतात.

त्या मुलीने त्या दिवशी विचारलं नसतं तर मी अजूनही पेनाने टिंबं देत बसले असते. आता पेपर छापून आला की मी आधी तिच्यासारखा वाचते, जे छापलंय तेच, अंदाज न करता.

तुमच्याकडे यापेक्षा सोपी युक्ती असेल, किंवा एखादं चिन्ह वा अक्षर अडत असेल तर जरूर कळवा. आपण मिळून शोधू.